शिरोरेषेतली फट बुजते तेव्हा: निळ्या-काळ्या मिश्रणाचे पाच महिने

परवा हजेरी घेताना तिसऱ्या नावावर पेन बंद पडलं. झटकून पाहिलं, निब पाण्यात बुडवून पाहिली, काही उपयोग नाही. घरी येऊन निब आणि तिच्याखालची, शाई पुरवणारी जीभ ओढून काढली, तर जिभेच्या खाचेत काळा, चिकट गाळ बसलेला. निळ्या-काळ्या शाईच्या ज्या मिश्रणाची जूनपासून स्टाफरूममध्ये मी तारीफ करत होतो, त्याबद्दल आता नीट लिहायलाच हवं.

पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरने भरायचं. त्याबद्दल तक्रार नाही. माझा सगळा त्रास शिरोरेषेचा आहे. कर्नाटकातल्या आमच्या खानापूरकडच्या पावसात वहीचा कागद सादळतो. अक्षर काढून झालं की शिरोरेषेसाठी निब त्याच ओल्या माथ्यावरून परत जाते, तिथं शाई दुप्पट पडते आणि कागदात फुटते. हे किरकोळ नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरकच वरच्या फटीचा. ती फट बुजली की धोंडिबाचा घोंडिबा होतो आणि भरमाचा मरमा. मुलांची नावं दाखल्यापर्यंत जातात. मला ते खपत नाही. कन्नड रजिस्टरात सलग शिरोरेषा नाही, पण तिथं गोल अक्षरांची पोटं भरून निघतात.

नुसती रॉयल ब्लू, कुठल्याही कंपनीची घ्या, मोकळी वाहते. पण छत्रीवरून दोन थेंब पडले की ओळ धुऊन जाते. नुसती काळी माझ्या निबेला जड. म्हणून कॅमलची रॉयल ब्लू आठ मिली आणि त्यांचीच काळी दोन मिली. १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेली ही कंपनी. आमच्या घरात तीन पिढ्या हीच शाई. मेडिकलमधून सिरिंज आणायची, औषधाच्या काचेच्या रिकाम्या बाटलीत आधी निळी, मग काळी घालायची आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी बाटली उजेडात तिरकी धरून तळ पाहायचा. कण दिसले तर ते पेनात जाता कामा नये. ही पायरी मी सप्टेंबरपर्यंत एकदाही चुकवली नव्हती. रंग पावसाळी ढगासारखा येतो, फट उघडी राहते, थेंब पडला तरी काळ्याची रेघ मागे उरते. दोन बाटल्यांत पाच महिने निघाले. बाहेरदेशच्या शाईची एक बाटली या पैशात येत नाही.

जुलैत मी एका सरांना सांगितलं होतं की थोडं पाणी घातलं तर शाई पुरवठ्याला येते. ते शब्द मी मागे घेतो. पाण्याने रंग तर उतरतोच, पण बुरशी रोखणारं औषधही पातळ होतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बाटलीत पांढरे धागे तरंगत होते. सगळी ओतून दिली. पातळ करायचीच असेल तर डिस्टिल्ड वॉटर, तेही लगेच संपेल एवढ्याच शाईत. भांड्याच्या साबणाचा थेंब घालायला सांगणारेही भेटतात. त्याने शाई सैल वाहते हे खरं, पण सैल शाई जास्त फुटते. मला नको तेच.

आता गाळाचं. सप्टेंबरात काळी संपली. बेळगावात एका दुकानात मागितली, तर दुकानदार मामांनी दुसरीच काळी बाटली पुढे केली. वर वॉटरप्रूफ लिहिलेलं. मी विचारलं, पेनात चालेल ना? "चालतंय की वो सर, शाईच हाय ती." बस सुटायची होती म्हणून घेतली, आणि त्याच घाईत रात्रभर ठेवायची पायरीही सोडली. ती ड्रॉइंगची शाई होती. तिच्यात काजळीचे कण लाखेने धरलेले असतात. लाख विरघळवायला अल्कली लागते आणि रॉयल ब्लू आम्लाकडे झुकलेली. दोन्ही एकत्र आल्या की लाख सुटून गोळा होते. परत द्यायला गेलो तर मामा म्हणाले, सील फोडलेली बाटली घेत नाही. पैशापेक्षा मला राग याचा की विचारूनही चुकीचं सांगितलं. शाई विकणाऱ्याला पेनाची शाई आणि ब्रशची शाई यांतला फरक माहीत असायलाच हवा.

साध्या पाण्याने गाळ हलला नाही. गरम पाणी एबोनाइटला चालत नाही, चकाकी जाऊन ते मळकट दिसतं. शेवटी फक्त निब आणि जीभ कोमट पाण्यात, चमचाभर पातळ अमोनिया घालून, रात्रभर ठेवली. सकाळी मऊ टूथब्रशने खाच मोकळी झाली. निब वाचली.

आता पुन्हा आठास दोन, एकाच कंपनीचं. आणि एक बदल: शाई तिसरा हिस्सा उरली की लगेच भरतो. ड्रॉपरच्या पेनात रिकामी जागा वाढली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाईचा टिपका खाली येतो. ऑगस्टात असाच एक हजेरीवर पडला होता, नेमका भरमाच्या नावावर. ते पान मी परवा पुन्हा लिहून काढलं. 'भ'ची फट स्वच्छ आहे.