उघडा डोंगर: रोपं लावायची की नुसता राखायचा?

सह्याद्रीतल्या एखाद्या गावात उघड्या डोंगराचा विषय निघाला की ग्रामसभेचा कल वृक्षारोपणाकडेच जातो. रोपं मोजता येतात, फोटो निघतात, निधीही मिळतो. 2017 ते 2019 या काळात राज्याने 50 कोटींचं लक्ष्य ठेवलं तेही रोपांचंच. राखणीचा असा आकडा सांगता येत नाही.

माझं मत सरळ आहे. ठराव करण्याआधी डोंगर चढा आणि खुंट बघा. ऐन, किंजळ, जांभूळ तोडले तरी मुळं जिवंत राहतात. फुटवे येतात, मग गुरं खातात किंवा वणव्यात जळतात. असे खुंट जागोजागी असतील तर खड्ड्यांवर पैसा घालू नका. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि उन्हाळ्याआधी काढलेली जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा), एवढ्यावर झाडोरा उठतो. करवंदीच्या जाळ्या मात्र साफ करू नका. आत गुरांचं तोंड पोचत नाही, म्हणून पक्ष्यांनी टाकलेल्या बिया तिथेच तगतात. जवळ देवराई असली तर बियांची चिंताच नको.

रोपवनात खरा खर्च पाण्याचा. पहिले दोन-तीन उन्हाळे चढावर पाणी कोण नेणार? मग चिवट, झटपट वाढणारी म्हणून गिरिपुष्प नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावतात. डोंगर हिरवा दिसतो, पण धनेश पक्ष्याला त्यात फळ नाही.

राखण स्वस्त वाटते, तशी ती नाही. राखणदाराची मजुरी दरवर्षी द्यावी लागते आणि भांडणं वेगळीच. ज्यांचं पोट शेळ्यांवर आहे त्यांना चराईबंदीचा पहिला फटका बसतो. त्यांना बैठकीत बोलावलं नाही तर बंदी कागदावरच राहते. निम्मा डोंगर आळीपाळीने चराईला मोकळा ठेवा, उरलेल्यावरचं गवत कापून न्यायची मुभा द्या. गवत कमी झालं की वणव्याचं जळणही कमी होतं.

माती धुपून खुंटही उरले नसतील तिथे मात्र समतल चर (उताराला आडवे खणलेले) आणि स्थानिक रोपं याला पर्याय नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चर आणि रोपं दोन्ही नको. कासचं पठार 2012 मध्ये जागतिक वारशात गेलं ते उघड्या कातळावरच्या फुलांसह. तिथे झाडं लावणं म्हणजे ती फुलं घालवणं.

जमीन वनखात्याची असेल तर आधी 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा दाखल करा. तो मंजूर झाला की जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेकडे येतो आणि चराईचे नियमही गावालाच ठरवता येतात.