गोल्फचा सेट: दुकानातला तयार, मापाने बनवलेला की वापरलेला?

कोल्हापुरात राहून गोल्फचा नवा सेट घ्यायचा तर समोर तीन पर्याय असतात. ऑनलाइन किंवा पुण्या-मुंबईच्या दुकानातून तयार सेट उचलायचा. किंवा मोठ्या शहरात जाऊन, लाँच मॉनिटर म्हणजे चेंडूचा वेग-फिरकी मोजणाऱ्या यंत्रासमोर फटके मारून, मापाप्रमाणे बनवून घ्यायचा. नाहीतर कुणाचा तरी वापरलेला सेट घेऊन तो आपल्याला जुळवून घ्यायचा. बहुतेक जण पहिल्यांदा किमतीचा हिशोब मांडतात. मी आधी दुसरंच विचारतो: तुमचा चेंडू चुकतो तेव्हा रोज एकाच बाजूला चुकतो का?

७ आयर्नने, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबने, वीसेक चेंडू मारा. त्यातले बरेचसे डावीकडेच जात असतील, किंवा सगळे ठरावीक उंचीने उडून थोडे आखूड पडत असतील, तर मापाच्या सेटचे पैसे वसूल होतील. चेंडू चारही दिशांना उधळत असतील, तर फिटिंग करणारा माणूस माप घेणार तरी कशाचं? तो तुमच्या त्या दिवसाच्या स्विंगचं, म्हणजे क्लब फिरवण्याच्या पद्धतीचं माप घेईल, आणि महिन्याभराने तुमचा स्विंग बदललेला असेल. अशा खेळाडूने वापरलेला अर्धा सेट घ्यावा आणि उरलेले पैसे कोचला द्यावेत.

सवय पक्की झालेल्या माणसाला मात्र मापाचं महत्त्व कोल्हापुरात तरी पटवून द्यावं लागू नये. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे आपल्याच जिल्ह्याचा. रायफलवाले खांद्याला टेकणारा भाग नि गालाखालची पट्टी मिलिमीटरने सरकवत बसतात, ते हौस म्हणून नव्हे. गोल्फमध्येही शरीर आणि हत्यार यांचा मेळ तसाच बसवावा लागतो. फरक एवढाच की इथे बहुतेक गोष्टी स्क्रू फिरवून बदलत नाहीत.

उंची कमी म्हणून क्लब कापायचा?

तयार सेटमध्ये ७ आयर्न साधारण ३७ इंचाचं असतं आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) ४५ इंचांच्या आसपास. ही मापं अंदाजे पाच फूट नऊ-दहा इंच उंचीचा पुरुष डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली आहेत. आपल्याकडचा साडेपाच फुटी गडी लगेच म्हणतो, मला अर्धा इंच कापून द्या. पण नुसती उंची पाहून भागत नाही. गोल्फचे बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. बुटक्या माणसाचे हात आखूड असतील, तर हे अंतर लांब हातांच्या उंच माणसाइतकंच भरू शकतं. मग कापायचं कारणच उरत नाही.

शिवाय कापलं की फक्त लांबीच कमी होते असं नाही. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हाताला जाणवणारा डोक्याचा भार) सुमारे तीन अंकांनी उतरतं, म्हणजे डी२ चा क्लब सी९ होतो आणि डोकं हाताला हलकं लागतं. लायचा कोनही (तो काय ते पुढे येतंच) अंशभर बदलल्यासारखा वागतो. मापाच्या सेटमध्ये हे आधीच धरून डोक्याचं वजन ठरवता येतं. तयार किंवा वापरलेल्या सेटमध्ये मागाहून शिशाची टेप चिकटवावी लागते. सुमारे दोन ग्रॅमला एक अंक. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख होतं.

लाय म्हणजे क्लब जमिनीवर टेकवल्यावर दांड्याने जमिनीशी केलेला कोन. चेंडूला लागताना टो (डोक्याचं दांड्यापासून लांबचं टोक) वर उचललेला असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. टो जमिनीत रुतत असेल तर उजवीकडे. लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन) जितका जास्त तितका हा परिणाम मोठा. म्हणून तो वेजमध्ये (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबमध्ये) त्रास देतो आणि ड्रायव्हरमध्ये फारसा कळत नाही. हे तपासायला पुण्याला जायची गरज नाही. चेंडूवर मार्करने एक जाड उभी रेघ काढा, ती क्लबच्या तोंडासमोर येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. रेघेचा ठसा तोंडावर उमटतो. ठसा सरळ उभा असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक टो-च्या बाजूला कललं असेल तर क्लब जास्त उभा आहे, हीलकडे (दांड्याच्या बाजूला) कललं असेल तर जास्त आडवा. चार-पाच फटके मारून पाहा, एकावर निकाल लावू नका.

धातूचा मुद्दा, जो आपल्याकडे लवकर कळतो

वापरलेला सेट घेऊन लाय वाकवून घेऊ, असं ठरवणाऱ्याने आधी डोकं कशाचं आहे ते विचारावं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ज्याचा दिवस जातो त्याला ओतीव आणि घडीव यातला फरक सांगायला नको. बरीचशी सोपी, चुका झाकणारी आयर्न्स १७-४ स्टेनलेसची असतात. मेणाच्या नमुन्यावर साचा करून ती ओतलेली असतात. हा धातू कडक. त्याला अंश-दोन अंशांपुढे वाकवायला गेलं तर होझल (दांडा बसतो ती नळी) तडकू शकतं. १०२० किंवा १०२५ दर्जाच्या कमी कार्बनच्या पोलादातली घडीव आयर्न्स मात्र दोन-तीन अंश सहज वळतात. मिझुनो कंपनीची बरीचशी घडीव आयर्न्स याच जातीची. म्हणजे वापरलेला सेट जुळवून घ्यायचा असेल तर घडीव शोधा. ओतीव घेणार असाल तर त्याचा लाय मुळातच तुमच्याजवळपास असायला हवा.

पिंगच्या वापरलेल्या सेटमध्ये एक सोय आहे. कार्स्टन सोल्हाइमने सुरू केलेल्या या कंपनीच्या आयर्नवर रंगाचा ठिपका असतो. काळा म्हणजे स्टँडर्ड लाय, निळा म्हणजे त्यापेक्षा उभा, लाल म्हणजे आडवा. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवरूनच आधीच्या मालकाचं माप कळतं. होझलवरचा सीरियल नंबरही मागून घ्या. नकली माल बाजारात भरपूर आहे, आणि नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला लांबूनच रामराम.

वाकवायचं काम मात्र लॉफ्ट-लाय मशीनवरच करा. उद्यमनगरात व्हाइस आहे, ओळखीचा कारागीरही आहे, पण अर्ध्या अंशाचा हिशोब व्हाइसमध्ये राहत नाही. ग्रिप बदलणं, स्टीलचा शाफ्ट म्हणजे दांडा पाइप कटरने कापणं ही कामं इथे आरामात होतात. ग्रिपला वाकड्या पात्याचा कटर, दुहेरी टेप आणि थिनर एवढं पुरे. टेपचा एकेक वेढा वाढवला की जाडी सुमारे १/६४ इंचाने वाढते. जुलैत आपल्याकडे हवाच अशी दमट असते की गुळगुळीत झालेली ग्रिप हातात राहत नाही, माणूस ती घट्ट आवळतो आणि मग स्विंगला नावं ठेवतो. सेट बदलायच्या आधी ग्रिप बदलून पाहा, असं मी सगळ्यांना सांगतो. ऐकतं कोण?

शाफ्ट: मापाच्या सेटची खरी कमाई

लांबी, लाय, ग्रिप हे थोडंफार घरच्या घरी जमतं. शाफ्टचं तसं नाही. दांड्यावर लवचिकपणा सांगणारी आर, एस अशी अक्षरं असतात, पण त्यांना सर्व कंपन्यांत मिळून एक प्रमाण नाही. एकाचा एस दुसऱ्याच्या आरइतका लवचिक निघतो. वजनातला फरक तर याहून मोठा. डायनॅमिक गोल्ड एस३०० हा स्टीलचा शाफ्ट सुमारे १३० ग्रॅमचा, आणि हलका ग्रॅफाइट त्याच्या निम्मासुद्धा भरत नाही. कुस्ती-कबड्डीतून आलेला दणकट माणूस आणि गुडघे कुरकुरायला लागलेला साठीचा माणूस यांना एकच शाफ्ट चालत नाही, आणि नेमका कुठला चालेल ते कॅटलॉग वाचून कळत नाही. तो मारूनच पाहावा लागतो. ‘लेडीज सेट’ नावाच्या प्रकरणालाही हेच लागू. आखूड आणि सगळ्यात लवचिक, एवढीच त्याची व्याख्या. मग खेळणारी बाई पाच फूट आठ इंच उंच आणि तगडी का असेना.

लाँच मॉनिटरसमोर एक सावधगिरी बाळगा. नव्या क्लबने दहा-पंधरा यार्ड जास्त जातात तेव्हा माणूस खूश होऊन पाकिटाला हात घालतो. त्या क्षणी त्या क्लबचा लॉफ्ट विचारा. जुन्या सेटमधलं ७ आयर्न ३४-३५ अंशांचं असायचं, आताच्या लांब जाणाऱ्या सेटमध्ये ते २८ ते ३० अंशांवर आलंय. आकडा ७ असला तरी हातात जुनं ६ किंवा ५ आहे. तुलना करायची तर सारख्या लॉफ्टची करा, आणि अंतरापेक्षा फिरकी आणि उतरण्याचा कोन बघा. पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या स्पर्धांत) ७ आयर्नला मिनिटाला ७००० च्या आसपास फेरे आणि सुमारे ५० अंशांचा उतार मिळतो. आपल्याला तेवढं नको, पण चेंडू सपाट येऊन ग्रीनवरून (होलभोवतीच्या आखूड गवतावरून) पलीकडे घरंगळत असेल तर ते पंधरा यार्ड काय कामाचे? असल्या सेटमध्ये पिचिंग वेजही ४३-४४ अंशांचं असतं. तुमचं सँड वेज ५६ चं असेल तर मध्ये बारा-तेरा अंशांचं भगदाड पडतं आणि ४९-५० अंशांचं आणखी एक वेज विकत घ्यावं लागतं. किंमत ठरवताना तेही धरा.

कुठे तयार माल चालतो

ड्रायव्हर. आजकालच्या बहुतेक ड्रायव्हरचं होझल पाना लावून फिरवता येतं, लॉफ्ट अंश-दीड अंश इकडेतिकडे होतो. एका चांगल्या शाफ्टसोबतचा तयार किंवा वापरलेला ड्रायव्हर पुष्कळांना पुरतो. हायब्रिडचंही (लांबच्या आयर्नऐवजी वापरायच्या क्लबचंही) तेच. डावखुऱ्यांनी मात्र वापरलेल्याची आशा फार धरू नये. चांगला सेट हाती येईपर्यंत हंगाम सरतो.

पटरकडे (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायच्या क्लबकडे) कुणी पाहत नाही, आणि मला याचं नवल वाटतं. पार ७२ च्या (म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या) कोर्सवर अठराही होलना पटरचे दोन-दोन फटके धरले तर ३६ फटके पटरचेच. दुकानातला पटर ३४-३५ इंचाचा असतो. साडेपाच फुटी माणसाला बऱ्याचदा ३३ पुरतो. नाहीतर डोळे चेंडूवर येत नाहीत, नाहीतर टो अधांतरी राहतो. सगळा सेट मापाचा परवडत नसेल तर आयर्न्स आणि पटर मापाचे करा, बाकी जुनं चालवा. मुलांसाठी बाबांचा जुना क्लब कापू नका. डोकं जड, दांडा कडक, आणि पोराचा स्विंग पहिल्याच वर्षी वाकडा.

पैसे आणि प्रवास

नावाजलेल्या कंपनीची नवी आयर्न्स, ड्रायव्हर, वेजेस, पटर अशी पूर्ण बॅग लाखाच्या बरीच पुढे जाते, मापाची असो वा तयार. बऱ्याच कंपन्या लांबी, लाय आणि नेहमीचे शाफ्ट बदलून देण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. महागडा शाफ्ट निवडला की बिल फुगतं. फिटिंगची फी अनेक ठिकाणी खरेदीत वळती करतात, तेवढं आधी फोनवर विचारून घ्या. म्हणजे नवाच सेट घ्यायचा पक्का असेल, तर तयार आणि मापाचा यातला फरक मुख्यतः वेळेचा आहे: एक फेरी, आणि ऑर्डर येईपर्यंत काही आठवडे थांबणं. तेवढ्यासाठी तयार सेट घेणं मला तरी पटत नाही. खरी चुरस मापाचा नवा आणि वापरलेला घडीव या दोघांतच आहे. पन्नास हजारांच्या आतबाहेरचं बजेट आणि स्विंग अजून बदलता असेल तर वापरलेला. वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने खेळत असाल आणि पुढची सात-आठ वर्षं सेट बदलायचा नसेल तर मापाचा.

पुण्याला जाणार असाल तर सव्वादोनशे किलोमीटर गाडी चालवून थेट फटके मारायला उभे राहू नका. कंबर आखडलेली, वेग उतरलेला, आणि त्या मंद स्विंगवर तुमचा शाफ्ट ठरणार. आदल्या रात्री मुक्काम करा. आपला सध्याचा सेट, नेहमीचे बूट आणि हातमोजा बरोबर असू द्या. पहिले आकडे जुन्याच क्लबचे घ्या, त्याशिवाय नव्याची तुलना कशाशी करणार? शक्य असेल तिथे मॅटऐवजी गवतावर मारा. मॅटवर क्लब चेंडूच्या मागे टेकला तरी घसरून पुढे जातो आणि चूक झाकली जाते.

निघताना स्पेसिफिकेशनचा कागद मागा: लांबी, लाय, लॉफ्ट, शाफ्टचं पूर्ण नाव, स्विंगवेट, ग्रिपचं माप आणि टेपचे वेढे. फी भरली असेल तर तो तुमच्या हक्काचा आहे, सेट तिथून घ्या वा घेऊ नका. त्याच कागदावर वापरलेला घडीव सेटही जुळवून घेता येतो. घडीव आयर्न्सचा लाय मॅटवर आणि कडक जमिनीवर मारून मारून हळूहळू सरकतो, तेव्हा वर्षातून एकदा पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळायला जाल त्या फेरीत तो मशीनवर तपासून घ्या.