डिस्टिलरीतील कॉलमची क्षमता वाढवताना: नवे ट्रे की स्ट्रक्चर्ड पॅकिंग?

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 वर आणले गेल्यापासून महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांपुढे एक प्रश्न वारंवार येतो: मद्यार्क वेगळा करणाऱ्या जुन्या कॉलममधून (उंच ऊर्ध्वपातन मनोऱ्यातून) जास्त उत्पादन घ्यायला गेले की कॉलम फ्लड होतो, मग आतले ट्रे (वाफ आणि द्रव जिथे भेटतात ती छिद्रांची आडवी ताटे) बदलावेत की ते काढून स्ट्रक्चर्ड पॅकिंग (पन्हळी पत्र्यांचे गठ्ठे) बसवावे? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. कॉलम नेमका कशामुळे भरतो आहे हा पहिला प्रश्न असून, त्याचे उत्तर मिळण्याआधी मागवलेली कोटेशने बहुधा चुकीच्या दुखण्यावरच्या औषधाची असतात.

फ्लडिंग म्हणजे खाली उतरायला हवा तो द्रव कॉलममध्येच साचू लागणे. दाबफरक एकाएकी वाढतो, तळाचा प्रवाह घटतो आणि वरच्या मालाची प्रत ढासळते. वाफेचा वेग जास्त झाला तर ती द्रवाचे थेंब वरच्या ट्रेवर उडवते. डाउनकमर, म्हणजे द्रव एका ट्रेवरून खालच्या ट्रेवर नेणारी वाट, अपुरा किंवा चोंदलेला असेल तर द्रव ट्रेवरच तुंबतो. बाहेरून दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात, इलाज मात्र वेगळे आहेत. संयंत्र चालू असतानाच कॉलममधून गॅमा किरण सोडून होणारा गॅमा स्कॅन कोणत्या ट्रेपासून द्रव साचतो आहे ते दाखवतो, आणि नव्या ट्रेंच्या संचापुढे त्याचा खर्च किरकोळ असतो.

रेक्टिफायरमध्ये, म्हणजे मद्यार्क तीव्र करणाऱ्या कॉलममध्ये, आणखी एक कारण तपासावे. फ्यूजल ऑइल (आंबवताना तयार होणारे जड अल्कोहोलांचे मिश्रण) वर जाण्याइतके हलके नसते आणि पाण्यासोबत तळाशी उतरण्याइतके जडही नसते. त्याची काढणी कमी पडली तर ते मधल्या ट्रेंवर साठत जाते, कॉलम काही तासांनी फ्लड होतो, स्वतःच मोकळा होतो आणि पुन्हा भरतो. असे ठरावीक अंतराने घडत असेल, तर काढणीचा दर आणि ती कोणत्या ट्रेवरून होते हे सुधारावे. ही क्षमतेची अडचण नव्हेच.

खर्च न करता मिळणारी थोडी क्षमता दाबातही असते. निर्वात, म्हणजे वातावरणापेक्षा कमी दाबावर चालणाऱ्या, कॉलमचा निरपेक्ष दाब 0.5 बारवरून 0.6 बारवर नेला, तर वाफेची घनता सुमारे 20 टक्क्यांनी वाढते आणि वस्तुमानाच्या हिशेबाने वाफ वाहून नेण्याची क्षमता घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे 9 ते 10 टक्के वाढते. मात्र तळाचे तापमान चढल्याने वॉश (आंबवलेला मळीचा द्रव) घेणाऱ्या कॉलममधील क्षारांचा थर लवकर जमतो आणि वेगळे करणेही थोडे अवघड होते.

आता मूळ तुलना. वॉश ज्यात शिरतो त्या अॅनालायझर कॉलममध्ये मी पॅकिंगचा विचारही करणार नाही. मळीच्या वॉशमधील यीस्ट, गाळ आणि कॅल्शियम सल्फेट पॅकिंगच्या पन्हळी पत्र्यांत आणि पॅकिंगवर द्रव सारखा पसरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या छिद्रांत अडकतात, आणि तिथे मॅनहोल उघडून हाताने सफाई करता येत नाही. शिवाय या कॉलममध्ये वाफेच्या मानाने द्रव पुष्कळ असल्याने क्षमतेतही पॅकिंगचा विशेष लाभ उरत नाही. मोठ्या छिद्रांचे, सहज धुता येणारे ट्रे आणि मोकळे डाउनकमर हाच तिथला सरळ मार्ग आहे.

रेक्टिफायरचा वरचा भाग मात्र स्वच्छ असतो. तिथे द्रव आणि वाफ यांचे वस्तुमानातील प्रमाण, घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणले असता, वातावरणीय दाबाला साधारण 0.03 ते 0.04 येते, 0.1 च्या खालचा हा पट्टा स्ट्रक्चर्ड पॅकिंगला अनुकूल आहे. तिथे ते साध्या ट्रेंपेक्षा ठळकपणे जास्त वाफ पेलते आणि दाबफरकही बराच कमी ठेवते, जो निर्वात कॉलममध्ये विशेष मोलाचा ठरतो. याउलट त्याच कॉलमच्या खालच्या, पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या भागात पृष्ठताण वाढतो, पत्रा नीट भिजत नाही आणि पॅकिंगची कार्यक्षमता घटते.

डाउनकमर खालच्या ट्रेच्या वरच संपवून त्याखालची जागाही वापरात आणणारे उच्च क्षमतेचे ट्रे साधारणतः 10 ते 30 टक्के वाढ देतात. ट्रे पेलणाऱ्या जुन्या आधारकड्या शक्य तिथे तशाच वापरता आल्या तर वेल्डिंग आणि शटडाउन दोन्ही आटोपशीर राहतात. गरज 15 टक्क्यांच्या आसपास असेल, तर मी हाच पर्याय निवडेन. त्याहून बरीच मोठी वाढ हवी असेल, किंवा रिबॉयलरची (तळाचा द्रव उकळणाऱ्या उपकरणाची) वाफ वाचवण्यासाठी दाबफरकच कमी करायचा असेल, तेव्हा रेक्टिफायरच्या वरच्या भागात पॅकिंगचा खर्च समर्थनीय ठरतो. त्यापूर्वी कंडेन्सर, रिबॉयलर आणि रिफ्लक्स (थंड होऊन कॉलमच्या माथ्याशी परत सोडला जाणारा द्रव) पंप वाढीव भार पेलतील का, हे कागदावर तपासून घ्यावे.

पॅकिंग घ्यायचे ठरलेच, तर डिस्ट्रिब्युटरवर काटकसर करू नये. तो जरा कलता बसला किंवा त्याची छिद्रे चोंदली तरी द्रव एका बाजूला वाहतो आणि उत्तम पॅकिंगही निकामी ठरते. म्हणून रिफ्लक्सच्या नळीवर गाळणी घालावी, आणि डिस्ट्रिब्युटर कॉलममध्ये चढवण्यापूर्वी कारखान्यातच पाणी सोडून प्रत्येक भागातून सारखे पाणी पडते का ते स्वतः उभे राहून पाहावे.