कॅशमधून काय काढायचं: एलआरयू, अंदाज, की दोन्ही?

बेळगावातून मराठी बातम्यांची साइट चालवायची तर सर्व्हर बहुधा भाड्याचा असतो आणि रॅम बेताची. कॅश (वारंवार लागणारी पानं हाताशी ठेवायची रॅममधली जागा) भरली की नवं पान ठेवायला जुनं एखादं काढावंच लागतं. ते कसं निवडायचं, एवढाच प्रश्न आहे.

एलआरयू सर्वांत जास्त वेळ कुणी न मागितलेलं पान काढतो. रेडिस या कॅशसाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही एका ओळीची सेटिंग आहे (तिथला एलआरयूही तंतोतंत नाही, मूळ सेटिंगमध्ये तो कुठल्याही पाच नोंदी उचलतो आणि त्यांतली जुनी काढतो, पण काम भागतं). स्लेटर आणि टार्जन यांनी 1985 मध्ये दाखवलं की कॅशमध्ये k पानं मावत असतील, तर पुढचं सगळं ठाऊक असणाऱ्यापेक्षा एलआरयूच्या चुका (म्हणजे मागितलेलं पान कॅशमध्ये नसणं) वाईटात वाईट स्थितीत k पट होतात. यादृच्छिकता न वापरणाऱ्या कुठल्याही अल्गोरिदमला याहून चांगली हमी देता येत नाही. आकडा भीतिदायक वाटतो, पण खरे वाचक असे मुद्दाम छळायला येत नाहीत. सकाळी उघडलेली ऊसदराची बातमी दुपारीही उघडली जाते, आणि एलआरयू त्यावरच जगतो.

दुसरा पर्याय मॉडेलच्या, म्हणजे जुन्या मागण्यांवरून पुढची ओळखायला शिकणाऱ्या प्रोग्रामच्या, अंदाजावर चालण्याचा. बेलाडी यांचा 1966 चा नियम सांगतो: ज्याची मागणी सर्वांत उशिरा येणार, ते काढा. भविष्य कळत नसल्याने मॉडेलचा अंदाजच भविष्य म्हणून धरायचा. सौंदत्तीची यल्लम्मा यात्रा, 1 नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातलं हिवाळी अधिवेशन, हे सगळं मॉडेल जुन्या लॉगवरून (मागण्यांच्या नोंदींवरून) बऱ्यापैकी शिकेल. ऑगस्ट 2019 सारखा पूर मात्र त्याच्या हिशेबात नसतो, आणि साइटवर झुंबड उडते ती नेमकी त्याच दिवशी.

इथे नुकसान चुकीच्या प्रमाणात होत नाही, म्हणून जरा थांबून बघा. समजा कॅशमध्ये दोनच जागा आहेत. एकीवर कोयनेच्या विसर्गाची कालची बातमी आहे. मॉडेल म्हणतं, ती आता लगेच लागेल. नवी बातमी आल्यामुळे कालची कुणीच मागत नाही. निपाणीचे वाचक ‘बंद रस्ते’ आणि ‘शाळांना सुट्टी’ ही दोन पानं आलटून पालटून उघडताहेत. कालची बातमी हलत नाही, उरलेल्या एका जागेसाठी ही दोन पानं एकमेकांना हाकलत राहतात आणि प्रत्येक मागणी चुकते. एलआरयूने शिळी बातमी आधीच काढली असती. एका चुकीनंतर दोन्ही पानं कॅशमध्ये. वेळ टळून गेलेले अंदाज रद्द करून हे उदाहरण सावरता येतं, पण मॉडेलने ‘उद्या सकाळी’ म्हटलं असेल तर सकाळपर्यंत तेच.

तिसऱ्या पर्यायात अंदाज घ्यायचा, पण त्याला लगाम ठेवायचा. लायकुरिस आणि वासिल्वित्स्की यांनी 2018 मध्ये मार्कर अल्गोरिदमला अंदाज जोडला: चालू फेरीत मागितलेल्या पानांना हात लावायचा नाही (कॅशमधली सगळी पानं मागून झाली आणि नवं आलं की नवी फेरी), उरलेल्यांतून अंदाजाने निवडायचं, आणि चुकांची साखळी लांबली की चिठ्ठ्या टाकायच्या. अंदाज कितीही बिघडला तरी चुका k च्या नव्हे, k च्या लॉगरिदमच्या (k पेक्षा खूप लहान आकड्याच्या) पटीत राहतात. वेई यांची 2020 ची पद्धत मला छोट्या टीमसाठी जास्त पटते. एलआरयू आणि अंदाजवाला, दोघांच्या चुकांची फक्त वही चालवायची आणि ज्याची वही बरी, त्याच्यामागे जायचं. बाजू बदलण्याचा खर्च धरूनही चुका, एखादी ठरावीक भर सोडली तर, दोघांतल्या चांगल्याच्या दुपटीपुढे जात नाहीत. हा सगळा हिशेब पानं सारख्या आकाराची धरून आहे, तेव्हा व्हिडिओ असतील तर तो तसाच लावू नका.

नुसत्या अंदाजावर चालण्याचा पर्याय मी यादीतूनच काढेन. उरले एलआरयू आणि वहीवाली पद्धत. मॉडेलला हात लावण्याआधी एक साधा महिना आणि एक पावसाळी महिना, दोन्हींचे लॉग बेलाडीच्या नियमाने चालवून पाहा. जुन्या लॉगमध्ये भविष्य माहीतच असतं. एलआरयू आणि बेलाडी यांच्या चुकांत फरक थोडा असेल, तर उत्तम मॉडेलही तेवढंच कमावून देईल, त्यापेक्षा रॅम वाढवा. फरक मोठा असेल तर वही घाला आणि पावसाळी लॉगवर तपासूनच चालू करा.