रोज चालवायला जुनी गाडी दुरुस्त करून घ्यायची आहे: ॲम्बेसेडर, पद्मिनी की मारुती ८००?

आजोबांची ॲम्बेसेडर वाड्यात कडब्याशेजारी उभी आहे. किंवा ओळखीत कुणाची पद्मिनी निघाली आहे आणि मालक म्हणतोय, ‘तुम्हाला म्हणून देतो.’ दोन-अडीच लाख खर्चून ती रोज वापरता येईल का, असा प्रश्न असेल तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. लग्नाच्या वरातीत मिरवायला किंवा प्रदर्शनात उभी करायला गाडी हवी असेल तर सगळी गणितं बदलतात. इथे हिशोब धरलाय तो लातूर-औसा किंवा जालना-बदनापूर असं रोजचं येणं-जाणं, मे महिन्यातलं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन आणि गाडी बंद पडली तर तालुक्याच्या ठिकाणी मिळेल तो मिस्त्री, एवढ्याचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खिसा पाहून मारुती ८००. हौस आणि वापर दोन्ही सांभाळायचे असतील तर इसुझू या जपानी कंपनीच्या इंजिनाची ॲम्बेसेडर. पद्मिनी तिन्हीत देखणी, पण रोजच्या वापराला मी तिला तिसरा नंबर देईन. मारुतीला क्लासिक म्हटलं की काही जण नाक मुरडतात. पहिली मारुती रस्त्यावर आली ती डिसेंबर १९८३ मध्ये, म्हणजे चाळिशी उलटून गेली. आणखी किती म्हातारी व्हायला हवी?

आधी पत्रा

गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो आणि इंजिनाचा आवाज ऐकत बसतो. ते शेवटी करा. इंजिन बांधायचा खर्च आधी सांगता येतो: बोअर (सिलिंडर आतून कापून मापात आणणं), पिस्टन-रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, मजुरी. सडलेल्या पत्र्याचा आकडा कुणी सांगू शकत नाही, कारण रंग खरवडल्याशिवाय आत काय आहे ते दिसतच नाही.

या तिन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालचा पट्टा, म्हणजे सिल, सडला की गाडीचा कणाच गेला. तो पट्टा तपासायची सोपी रीत आहे. साधं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून त्यावरून फिरवायचं. जिथे ते पकडत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग पायाखालची मॅट उचलून जमिनीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचा. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर समजून जा. शेवटी एका बाजूला जॅक लावून चाक उचलायचं आणि त्या बाजूचं दार उघडून परत लावायचं. दार अडकलं किंवा नीट बसेना, तर बॉडी वाकते आहे. मालक चहा मागवेल, गप्पा मारेल, पण या कसोटीला त्याच्याकडे उत्तर नसतं.

इथे मराठवाड्याची कोरडी हवा आपल्या बाजूने आहे. मुंबईतली किंवा कोकणातली गाडी खाऱ्या हवेत आतून पोखरते. रंगवून चकाचक केलेली मुंबईची पद्मिनी स्वस्त वाटते, पण तिच्या डिकीत स्टेपनीखालची जागा आणि मागच्या चाकांच्या कमानी बघितल्याशिवाय पैसे काढू नका. बीड-परभणीकडे शेडमध्ये उभी राहिलेली गाडी मळकी असेल, पण तिचा पत्रा जिवंत निघण्याची शक्यता जास्त. तिचे रोग वेगळे: उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, आणि चाकांच्या कमानीत वर्षानुवर्षं अडकलेला काळ्या मातीचा चिखल. तो ओल धरून ठेवतो आणि आतून पत्रा खातो. चिखल काढून बघा.

पत्र्याचं काम कुणाकडे द्यायचं, यातही पैसे बुडतात. आपल्याकडे गावोगाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे वेल्डर आहेत, कामाला वाघ. पण त्यांचा हात जाड लोखंडावर बसलेला. आर्क वेल्डिंगने गाडीचा पातळ पत्रा जळतो, भोकं पडतात आणि मग त्यावर पुट्टी येते. डेंटरकडे सीओटू किंवा गॅस वेल्डिंग असेल तरच काम द्या.

पत्र्यात ॲम्बेसेडर सगळ्यात जाड, त्यामुळे दुरुस्तीला सोसते. मारुतीचा पत्रा पातळ, पण गाडीच एवढी स्वस्त की फार सडलेली दुरुस्त करण्यापेक्षा दुसरी बघावी. ८०० अजूनही लाखाच्या आत मिळते. पद्मिनीत नेमकं उलटं आहे. शौकिनांनी तिचे भाव चढवून ठेवलेत आणि पत्र्याचं काम वेगळंच.

इंजिन आणि सुटे भाग

ॲम्बेसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती २०१४ पर्यंत निघत होती. जुन्या गाड्यांत १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पेट्रोल इंजिन असतं. साधं, दणकट, पण मागच्या बाजूने तेल गळणारं. हा गुण जन्मजात आहे, त्याच्यावर मिस्त्रीशी भांडू नका. एक काम मात्र करून घ्या. २००० साली देशभर शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. या इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कडा, त्या पेट्रोलच्या भरवशावर होत्या. हेड उघडलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या, नाहीतर टॅपेट पुन्हा पुन्हा सेट करत बसाल.

१९९२ पासून ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचं १.८ लिटर इंजिन आणि पाच गिअर आले, गिअरचा दांडाही स्टिअरिंगवरून खाली आला. रोज चालवायची तर हीच शोधा. चढाला दमत नाही, एसी ओढते. कन्नडच्या औट्रम घाटात जुनं बीएमसी इंजिन दुसऱ्या गिअरवर कण्हत जातं, इसुझू सहज वर निघते. इसुझूचं २ लिटर डिझेलही मिळतं. आवाज ट्रॅक्टरचा, पण पोटाला कमी लागतं. जुन्या गाडीत इसुझू इंजिन टाकून देतो असं कुणी म्हटलं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आधी, इंजिन नंतर.

पद्मिनी मूळची फियाट ११०० डी. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची, इंजिन १०८९ सीसी. चालवायला तिघींत सगळ्यात गोड. स्टिअरिंग हलकं, वळणावर चपळ. पण तिचा सगळा बाजार टॅक्सीवाल्यांवर उभा होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता सामान लागलं की कुर्ल्याच्या भंगार बाजारात ओळख हवी. इंजिनाचं सामान त्यातल्या त्यात मिळतं. काच, दाराचे रबर, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या रिंगा यांचं अवघड. पुढची काच फुटली आणि गाडी रोजची आहे, तर तुमचे किती दिवस खोळंब्यात जातील हे आधी मनाशी ठरवा.

मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीमध्येही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. त्यामुळे क्लच प्लेट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, ब्रेक शू गंगाखेडलाही मिळतं आणि अहमदपूरलाही, शिवाय ते बसवणारा पोरगाही तिथेच असतो. रोजच्या गाडीला याहून मोठं सर्टिफिकेट नाही. अगदी पहिल्या चौकोनी आकाराची, म्हणजे एसएस-८०, घ्यायची असेल तर तिचे बाहेरचे पत्रे आणि दिवे मात्र शोधावे लागतात. १९८६ नंतरच्या गोलसर आकाराला ती अडचण नाही. कार्बोरेटरच्या कटकटी नको असतील तर २००० च्या आसपासची आणि नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारी, गाडी घ्या.

बोअर मारणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग यासाठी पुण्याला पळायची गरज नाही. वाळूज, चिकलठाणा, लातूर या एमआयडीसींच्या आसपास चांगले लेथवाले आहेत. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू देऊ नका, एवढं लक्षात ठेवा. आधी बोअर आणि मग त्या मापाचा पिस्टन शोधत हिंडणारे पुष्कळ आहेत.

ऊन, पाणी आणि नवं पेट्रोल

आपल्याकडे गाडी मरते ती उन्हाने, आणि त्याला कारण बहुतेकदा बोअरवेलचं पाणी. क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की नळ्या आतून भरून येतात आणि मे महिन्यात काटा लालवर जातो. जुनी गाडी घेतली की रेडिएटर उघडून नळ्यांत रॉड मारून घ्या, ब्लॉकमधला गाळ धुऊन काढा, आणि पुढे डिस्टिल्ड वॉटर व कूलंटशिवाय काही घालू नका. खर्च थोडा, फरक मोठा.

दुसरा उन्हाळी आजार म्हणजे व्हेपर लॉक. जुन्या ॲम्बेसेडर-पद्मिनीत पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. तो तापला की पेट्रोलची वाफ होते आणि भर दुपारी गाडी बंद. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं लिंबाखाली बसायचे. रोज ऑफिसला जाणाऱ्याला हे परवडत नाही. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवा आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून न्या.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. लातूर-धाराशिवचा ऊस ज्या टाकीत चाललाय, ती टाकी तुमच्या जुन्या गाडीचीही आहे. इथेनॉल जुने रबर फुगवतं, पंपाचा पडदा कडक करतं, हवेतली ओल ओढून टाकीत गंज आणतं. तिन्ही गाड्यांत पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, कार्बोरेटरची किट बदला, टाकी आतून साफ करून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. याचा सगळ्यात कमी त्रास एमपीएफआय मारुतीला, पण तिचीही जुनी रबरं बदलावीच लागतात.

महिन्याचा खर्च

महिन्याला १००० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा. परभणीकरांनी थोडं जास्तच धरावं. ॲम्बेसेडर पेट्रोल ९ चा ॲव्हरेज देईल: सुमारे ११,७०० रुपये. पद्मिनी १२ चा: ८,७५०. मारुती १६ चा: ६,५००. म्हणजे ॲम्बेसेडर आणि मारुतीत वर्षाला साठ हजारांच्या आसपास फरक पडतो, आणि तेवढ्यात मारुतीचं इंजिन बांधून वर टायर येतील. ॲम्बेसेडरवाल्यांसाठी सीएनजी हा मार्ग आहे, डिकी मोठी असल्याने टाकी मावते. किट मान्यताप्राप्त हवं आणि आरसीवर चढवलेलं हवं. शिवाय ॲम्बेसेडरच्या पुढच्या जोडांना वेळच्या वेळी ग्रीस मारायची सवय लागते. ज्याला ती नाही त्याने या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

ब्रेकचं स्पष्ट सांगतो. जुन्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम असतात. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून या गाड्या तिथे दामटू नका. साठ-सत्तर हा त्यांचा सुखाचा वेग. तीन बिंदूंचे सीट बेल्ट, हेडलाइटला रिले आणि नवे टायर यांवर रंगाआधी पैसे घाला. एअरबॅग तिघींतही नाहीत. घरची लहान मुलं रोज याच गाडीने शाळेत जाणार असतील तर मी तिन्हींना नको म्हणेन.

कागदं

महाराष्ट्रात सरसकट पंधरा वर्षांची बंदी नाही. पंधरा वर्षांनी गाडी पासिंगला न्यायची, मग दर पाच वर्षांनी. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं, ते बजेटमध्ये धरा. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते, आणि एजंट त्यासाठी गळ घालतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. रोज चालवायची असेल तर तिकडे फिरकू नका, साधं नूतनीकरण करा.

आजोबांच्या नावावरची गाडी असेल तर वारस नोंद आधी लावा. जुन्या आरसी बुकाची ऑनलाइन नोंद नसेल तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, त्याला वेळ जातो. आणि इसार देण्याआधी चेसिस नंबर स्वतःच्या बोटाने पुसून पुस्तकातल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा. एक आकडा जरी जुळला नाही, तरी कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडा.

आणि जीप?

हे विचारणारे असतातच. महिंद्राची जुनी जीप दुरुस्तीला सगळ्यात सोपी. चेसिस वेगळी, त्यामुळे पत्रा सडला तरी बदलता येतो, आणि सामानही मुबलक. पण उन्हाळ्यात उघड्या जीपने रोज चाळीस किलोमीटर करून बघा, मग बोलू. शेतात जायचं असेल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर जरूर घ्या.