चाकणला शेड घ्यावी की ऑरिकला प्लॉट? भोसरीच्या जॉबवर्कवाल्यांसाठी

भोसरीत माझ्या शेजारच्या गाळ्यात एक दोस्त आहे, मोठ्या कंपन्यांचे पार्ट मशीनवर करून देतो, चार व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), दोन टर्निंग, जागा पुरत नाही म्हणून गेले सहा महिने डोकं खातोय की चाकणला शेड घेऊ का सरळ संभाजीनगरला ऑरिकमध्ये, म्हणजे तिथल्या नव्या औद्योगिक शहरात, प्लॉट घेऊ. त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यात जे सांगितलं तेच इथे लिहितो, त्याच्यासारखे अजून बरेच असणार.

आधी हे डोक्यात घ्या की दोन्हीकडची प्लॅनिंगची गाडी एकमेकांच्या उलट दिशेने आलीय. चाकणला कारखाने आधी, प्लॅन मागून पळतोय. एमआयडीसीने टप्पे पाडले, बजाज, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन आले, मग निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे ही गावं फुगली. चाकणला नगरपरिषद झाली २०१५ ला, पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगराचं प्लॅनिंग बघणारी सरकारी संस्था, पण त्याच वर्षी. पीएमआरडीएच्या विकास आराखड्याचा मसुदा २०२१ ला आला, हरकतींचा ढीग पडला आणि २०२५ ला सरकारने तो गुंडाळला. मधल्या काळात शेड उभ्या राहायच्या थांबल्या का? नाव नको.

ऑरिकचं तसं नाही, तिथे प्लॅन आधी, कारखाने मागून. ते दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरमधलं शहर, एमआयडीसीचा ५१ टक्के हिस्सा आणि बाकी केंद्राच्या कॉरिडॉरवाल्यांचा. शेंद्रा आणि बिडकीन हे त्याचे दोन भाग मिळून साधारण १० हजार एकर, त्यात ६० टक्के उद्योगाला, उरलेल्यात घरं, दुकानं, मोकळी जागा. शेंद्र्याला दुपारी गेलो होतो तर एवढा रुंद रस्ता आणि मधोमध एक कुत्रं निवांत झोपलेलं. वर कुठे वायर लोंबकळत नाही, वीज, पाणी, फायबर सगळं जमिनीखालून. आपल्या भोसरीत दर पावसाळ्यात खोदाई बघणाऱ्या माणसाला हे बघून जरा हेवाच वाटतो.

पण कुत्रं झोपलंय म्हणजे ट्रॅफिक नाही, आणि ट्रॅफिक नाही म्हणजे अजून तेवढं काम नाही, हे पण समजून घ्या.

चाकणचं ट्रॅफिक मी अंगावर घेतलंय. पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात त्या तळेगाव चौकात आमचा टेम्पो अडीच तास अडकला होता, आत ३०० ब्रॅकेट, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी फोन करतोय “शेठ, हललो नाही अजून”, आणि तिकडे कस्टमरची लाइन थांबली. पुढच्या आठवड्यात डेबिट नोट आली, म्हणजे त्यांचं नुकसान आमच्या बिलातून कापलं. महिन्याचा नफा त्या चौकात गेला. तरीसुद्धा माझ्या बऱ्याच ऑर्डरी चाकणच्याच आहेत, कारण तिथे रात्री आठला टूल तुटला तर नऊला दुसरा मिळतो, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, ग्राइंडिंगवाला सगळे दुचाकीच्या अंतरावर. ही गोष्ट कुठल्याच मास्टर प्लॅनमध्ये नसते, ती वीस-पंचवीस वर्षं साचत जाते.

संभाजीनगरला हे अजिबात नाही असं मात्र समजू नका. बजाजमुळे तिथल्या वाळूज एमआयडीसीत व्हेंडर लोकांची जुनी फळी आहे, चिकलठाणा एमआयडीसी त्याहून जुनी. म्हणजे शेंद्र्याला बसलात तरी प्लेटिंगसाठी पुण्याला पळावं लागत नाही, शहर ओलांडावं लागतं एवढंच. बिडकीन वेगळं, ते पैठण रोडला, तिथे मोठी नावं आलीत, टोयोटा किर्लोस्करने २०२४ ला करार केला, एथरने पण तिथला प्लांट जाहीर केला. पण करार झाला म्हणजे उद्या आपल्याला पीओ (खरेदीची ऑर्डर) येईल असं नसतं, मोठा प्लांट उभा राहून लोकल व्हेंडर शोधायला लागेपर्यंत आपले दोन-तीन वर्षांचे हप्ते कोण भरणार, हा हिशोब आधी कागदावर मांडा.

आता जागा. चाकणला एमआयडीसीचा रिकामा प्लॉट आपल्यासारख्याला मिळणं मुश्किल, मिळाला तर आधीच्या मालकाकडून ट्रान्सफरचा, वर ट्रान्सफर फी. म्हणून लोक गावातली खाजगी शेड भाड्याने घेतात. तिथे एनए (जमीन बिनशेती केलेली) आहे का, फायर एनओसी आहे का, थ्री फेज लोड किती मंजूर आहे हे बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकाने दिलं आणि नंतर बँकेने मशीन लोनला हात वर केले. ऑरिकमध्ये लीज ९५ वर्षांची, कागद स्वच्छ, पण ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावं लागतं, नुसता प्लॉट धरून बसता येत नाही. सरकारी प्रोत्साहन मराठवाड्यात पुण्यापेक्षा जास्त मिळतं हे खरं, पण ते हातात यायला वेळ लागतो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ते पैसे पहिल्या वर्षाला धरणारा सीए बदला.

माणसांचं गणित गमतीशीर आहे. भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर हजेरी घ्या, बीड, जालना, परभणी, लातूरची पोरं किती निघतात बघा. माझ्याकडचा एक ऑपरेटर जालन्याचा, त्याला शेंद्र्याचं नुसतं सांगितलं तर म्हणाला “मालक, दोन हजार कमी द्या पण न्या.” खोलीभाडं वाचतं, घरचं जेवण. पण त्याच्यावरचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, ज्याची पोरं मोशीच्या शाळेत आहेत, तो हलणार नाही. आणि संभाजीनगर शहरात जायकवाडी एवढी जवळ असून नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, हे सेटरच्या बायकोला पण माहितीय. ऑरिकच्या आत पाण्याची सोय आहे, पण माणसं अजून राहतात शहरातच.

एक्स्पोर्ट करत असाल तर जेएनपीटीला (न्हावाशेवा बंदराला) चाकण जवळ, त्यात वाद नाही. समृद्धी २०२५ ला पूर्ण उघडल्यावर संभाजीनगरवरून मुंबईकडचा वेळ बराच कमी झालाय, टोल मात्र धरा.

दोस्ताला मी काय सांगितलं? त्याचं सत्तर टक्के काम चाकणच्या दोन कस्टमरांचं आहे, त्याने हलू नये, चाकणच्या चौकाच्या अलीकडे, कुरुळीच्या बाजूला भाड्याची शेड बघावी म्हणजे टेम्पोला चौक लागणारच नाही. स्वतःचं प्रॉडक्ट असतं, किंवा वाळूजचं काम असतं, तर डोळे झाकून शेंद्रा म्हणालो असतो. बिडकीन आत्ताच नाही. तो परवा कुरुळीला दोन शेड बघून आला, एकीला एनए नाही.