स्पॅनिशमध्ये बीए: वर्षभराचा अनुभव, मराठवाड्यातल्या मुलांसाठी

घर लोह्याजवळ, विद्यापीठ परराज्यात. वर्ष होत आलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मराठी माध्यमातून आलेल्यांना ही भाषा झेपणार नाही, ही भीती आधी डोक्यातून काढा.

इंग्रजीवरून स्पॅनिश शिकणारे जिथं अडतात, तिथं आपण सरळ पुढं जातो. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो; आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. त-दचे उच्चार आपल्यासारखेच, लिंगं दोनच. खरा घाम निघतो तो सबजंक्टिव्हला. इच्छा, शंका, शक्यता आली की क्रियापदाचं रूपच वेगळं. ते रोज लिहूनच बसतं.

ऐकणं त्याहून अवघड. 'ग्रासियास'मधल्या पहिल्या 'स'चा उच्चार माद्रिदकडं जीभ दातांत धरून करतात, मेक्सिकोत साधा 'स' राहतो, आणि कॅरिबियन भागात शब्दाच्या शेवटचा 'स' बऱ्याचदा गिळतात. त्यासाठी 'रादिओ आंबुलांते' हा पॉडकास्ट ऐका. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या हकिकती असतात आणि सोबत लिखित मजकूरही मिळतो.

पण पदवी करायची ती साहित्यासाठी. मेक्सिकोच्या हुआन रुल्फोचा 'एल यानो एन यामास' हा 1953चा कथासंग्रह आम्हाला होता. त्यातल्या एका कथेत क्रांतीनंतर सरकार गरिबांना जमीन देतं, पण नदीकाठची नाही, उजाड माळाची. चौघं सकाळपासून त्या माळावरून चालतायत. ढग येतो, एकच टपोरा थेंब पडतो आणि धुळीत जिरतो. सगळे आणखी पडायची वाट बघतात, पडत नाही. अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडलं तर तो म्हणतो, लेखी द्या.

दिवाळीच्या सुट्टीत ही कथा मी आजोबांना ओसरीवर बसून मराठीत सांगितली. आमचीही जमीन कोरडवाहू. त्यांनी मधेच विचारलं, "आरं, पण तिथं नांगर तरी चालतो का?" कथेतले शेतकरीही अधिकाऱ्याला नेमकं हेच सांगतात, की या दगडासारख्या जमिनीत नांगर घुसणार नाही, बी पेरायचं तर कुदळीनं खड्डे करावे लागतील. आजोबांना मेक्सिको कुठं आहे ते सांगायची गरजच पडली नाही.

स्पेनचा नाटककार लोर्का याचं 'ला कासा दे बेर्नार्दा आल्बा' हे नाटक वर्गात पात्रं वाटून घेऊन वाचलं. नवरा वारल्यावर आई पाच मुलींवर आठ वर्षांचं सुतक लादते. 1936मध्ये हे नाटक लिहून झालं आणि त्याच वर्षी लोर्काला मारलं. रंगमंचावर ते 1945 साली अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसला आलं. आमच्याकडच्या वाड्यांतल्या बायका मला त्यात जागोजागी दिसल्या.

संस्कृतीचा पेपर मात्र कमी पडला. स्पेनच्या राजघराण्यांवर महिने गेले आणि अख्खी लॅटिन अमेरिका शेवटच्या काही तासांत उरकली.

नोकरीचं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो: फक्त भाषाच हवी असेल तर पदवीत वर्षं घालवू नका. सर्टिफिकेट कोर्स करा आणि 'इन्स्तितुतो सेर्वांतेस' या स्पेनच्या सरकारी संस्थेची डेले ही स्पॅनिशची परीक्षा द्या, तिचं प्रमाणपत्र कायम चालतं. ए2 या सुरुवातीच्या पातळीला वाचन-लेखन हा एक गट आणि ऐकणं-बोलणं हा दुसरा. दोन्हीत 50पैकी 30 लागतात, एकातले जास्तीचे गुण दुसऱ्यात धरत नाहीत. पदवीच हवी असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ) हे दोन पर्याय आधी बघा. नांदेडकरांना हैदराबाद जवळ पडतं.

पुढच्या सत्रात सेर्वांतेसची 'दोन किहोते' ही कादंबरी आहे. 1605 आणि 1615 असे दोन भाग, स्पॅनिश जुनी. टिपांची आवृत्ती मिळवून पहिली प्रकरणं आत्तापासूनच वाचायला घेतलीत.